बायोचे कुठले धडे ऑप्शनला टाकू?

प्रिलिमचे मार्क हातात पडले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. सासूबाई, सोसायटीची लिफ्ट, शेजाऱ्यांचा कुत्रा सगळं मागे पडतं आणि बारावी सुरू होते. यावेळी तर बायोवरच इतकी पत्रं आलीत की संपादकांनी सगळी पानं त्यालाच देऊन टाकली. मी परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं बायो शिकवलंय, बोर्डाचे गठ्ठेही तपासलेत. रिटायर झाले तरी वर्गात उभं राहायची सवय काही जात नाही, तेव्हा कुठे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, लालबागला राहते. प्रिलिमला बायोत ७० पैकी ३१ आलेत आणि अजून खूप पोर्शन राहिलाय. कुठले धडे ऑप्शनला टाकले तर चालतील ते प्लीज सांगा, बाकीचे मी नीट करते.

चालणार नाही असं सरळ म्हटलं तर तू पुढचं वाचणारच नाहीस, म्हणून आधी हिशेब करू. धडे १५. पेपर ७० मार्कांचा, तीन तास. त्यात सेक्शन ए म्हणजे १० एमसीक्यू आणि ८ एका मार्काचे प्रश्न, हे १८ मार्क कुठल्याही धड्यातून येतात आणि तिथे ऑप्शन नावाची गोष्टच नाही. मग बीमध्ये दोन मार्कांचे १२ पैकी ८, सीमध्ये तीन मार्कांचे १२ पैकी ८, आणि डीमध्ये चार मार्कांचे ५ पैकी ३. म्हणजे ऑप्शन तर पेपर स्वतःहूनच देतोय तुला. तू घरूनच तीन धडे टाकून आलीस की तो ऑप्शन हॉलमध्ये शिरायच्या आधीच संपला, मग समोर जे येईल ते लिहावंच लागतं, येत असो नसो.

आणि गंमत सांगू का, मुलं टाकतात ते नेहमी शेवटचे तीन, म्हणजे पॉप्युलेशन, इकोसिस्टिम आणि बायोडायव्हर्सिटी. कारण ते शेवटी आहेत, बाकी कारण नाही. खरं तर सगळ्यात स्वस्तात मार्क तिथेच मिळतात आणि मुंबईत राहणाऱ्याला तर ते धडे अर्धे आधीच येत असतात. तू शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेली असशीलच, लालबागहून किती लांब आहे? चिखलातलं निळं-हिरवं शेवाळ, ते खाणारा लेसर, म्हणजे छोटा फ्लेमिंगो, झाली फूड चेन सुरू. तिथेच कडेला तिवराची झाडं आहेत, त्यांच्या बुडाशी चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली असतात ना, ती न्यूमॅटोफोअर, भरतीच्या चिखलात हवा मिळत नाही म्हणून मुळंच वर येऊन श्वास घेतात. अडॅप्टेशनचं याच्याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. ठाण्याची खाडी २०२२ साली रामसार यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हणजे इन सिटू कॉन्झर्व्हेशन (प्राणी राहतात तिथेच जपणं) आणि राणीची बाग म्हणजे एक्स सिटू (तिथून बाहेर आणून जपणं). पुस्तकातलं एक उदाहरण लिही आणि जोडीला हे एक लिही. गठ्ठा तपासताना सगळ्यांनी तेच तेच लिहिलेलं वाचून डोळे मिटायला लागतात, त्यात कुणी शिवडी लिहिलं की माणूस खरंच जागा होतो.

तरी काहीतरी टाकायचंच असेल ना, तर धडा टाकू नकोस, प्रत्येक धड्यातला फापटपसारा टाक. व्याख्या, आकृती, फरक आणि नावं-आकडे हे १५ही धड्यांचं कर, लांबलचक टिपणं राहिली तर राहू देत. ३१ वरून ५० ला जायला तेवढं पुरतं.

प्रश्न : मुलगी दिवसभर पुस्तक घेऊन बसते हो, खोटं नाही बोलणार, मोबाईलसुद्धा माझ्याकडे दिलाय. पुस्तक पिवळं-गुलाबी करून टाकलंय हायलायटरने. वाचते तेव्हा सगळं कळतं म्हणते आणि पेपरात आठवत नाही म्हणते. आम्ही दोघं हताश आहोत. – एक आई, मुलुंड

ताई, तुमची मुलगी खरं बोलतेय, दोन्ही वेळा. गणपतीत आरती म्हणतो आपण सगळे, घरभर टाळ्या-झांजा चालू असतात आणि प्रत्येक कडवं बिनचूक तोंडात येतं. आता उद्या सकाळी ओट्याशी उभ्या असताना तीच आरती एकट्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून बघा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या कडव्याला गाडी अडते आणि तिथून आपण थेट शेवटच्या ओळीवर उडी मारतो. आपल्याला आरती येते असं वाटत असतं, खरं तर शेजारच्याने पहिला शब्द उचलला की पुढचं येतं. पुस्तक उघडं ठेवून वाचणं हे अगदी असंच आहे, पहिला शब्द पुस्तक उचलतं. परीक्षेत शेजारचा आरती म्हणत नाही (आणि म्हणाला तर सुपरवायझर दोघांनाही उठवतो).

तेव्हा हायलायटर कपाटात आणि पाठकोरे कागद टेबलावर. एक विषय घ्यायचा, धडा नाही, छोटा विषय. समजा डीएनएची नक्कल कशी होते ते दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा प्रयोग. दहा मिनिटं वाचायचा, पुस्तक मिटायचं, अगदी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचं, आणि कागदावर आठवेल तसं लिहायचं. तिच्या पहिल्या कागदावर बहुतेक एवढंच उतरेल: ई. कोलाय, जड नायट्रोजन, मग हलका नायट्रोजन, डीएनए सेमीकॉन्झर्व्हेटिव्ह. मग पुस्तक आणून लाल पेनाने भरायचं काय सुटलं ते, म्हणजे साल १९५८, नायट्रोजन १५ आणि १४, सिझियम क्लोराइडमध्ये फिरवून वेगळं केलं, २० मिनिटांनी एकच पट्टा आणि तोही मधे, ४० मिनिटांनी दोन पट्टे सारखे, एक मधला एक हलका. त्या लाल शाईत तिचे गेलेले मार्क दिसतात, हायलायटरमध्ये ते कधीच दिसत नाहीत कारण तिथे सगळंच पिवळं. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, मग आठवड्याने पुन्हा. लाल कमी होत जातं, बघाच.

एक मात्र सांगून ठेवते, पहिले चार दिवस ती रडेल. कारण वाचताना छान वाटतं आणि लिहिताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. त्या चार दिवसांत तुम्ही दोघांनी फक्त चहा करून द्यायचा, टोमणे मारायचे नाहीत, शेजारच्या मुलीचे मार्क काढायचे नाहीत.

प्रश्न : मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, भांडुप. विज्ञानात मला चांगले मार्क होते. अकरावीपासून सगळं इंग्लिशमध्ये आणि बायोचे शब्द बघूनच डोकं फिरतं. क्लासमध्ये सर विचारतात तेव्हा मला मराठीत उत्तर येत असतं पण बोलायला लाज वाटते. आता दोन महिन्यात काय करू?

अरे, मराठीत येतंय म्हणजे येतंय. तुला बायो येतं, त्याचे नवीन कपडे ओळखू येत नाहीत एवढंच. बाष्पोच्छ्वास तुला माहितीये, ते ट्रान्स्पिरेशन. गुणसूत्र ते क्रोमोसोम, परासरण ते ऑस्मॉसिस, तंतुकणिका ते मायटोकॉन्ड्रिया. २०० पानी वहीत दोन रकाने पाड आणि रोज दहा शब्द, डावीकडे मराठी उजवीकडे इंग्लिश स्पेलिंगसकट. माझ्या अनुभवात मराठी मीडियमची मुलं एकदा हा पूल ओलांडली ना की इतरांपेक्षा पक्की असतात, कारण त्यांना शब्दाआधी अर्थ माहीत असतो. बाष्पोच्छ्वास म्हटल्यावर वाफ आणि उच्छ्वास दोन्ही त्या शब्दातच दिसतात, ट्रान्स्पिरेशनमध्ये कुणाला काय दिसतं सांग.

आणि ते जे भयानक शब्द आहेत ते फोडायला शीक, ग्रीक-लॅटिनचे तुकडे असतात नुसते. पहिल्याच धड्यातले तीन घे, ऑटोगॅमी, गायटोनोगॅमी, झेनोगॅमी. गॅमी म्हणजे लग्न. ऑटो म्हणजे स्वतः, त्याच फुलाचं परागकण त्याच फुलावर. गायटन म्हणजे शेजारी, तेव्हा त्याच झाडावरचं शेजारचं फूल. झेनो म्हणजे परका, तेव्हा दुसऱ्या झाडाचं फूल, म्हणजे स्थळ बाहेरगावचं. आता हे तू म्हातारा झालास तरी विसरणार नाहीस. तसंच कायरॉप्टेरोफिली, कायरो हात, प्टेरो पंख, हाताचे पंख झालेला प्राणी कोण, तर वटवाघूळ. राणीच्या बागेतली गोरखचिंच बघून ये, तिच्या फुलांचं परागीभवन रात्री वटवाघळंच करतात.

इंग्लिशचं व्याकरण चुकलं म्हणून मी कधी कुणाचा मार्क कापला नाही. वाक्यं तोडकीमोडकी चालतील, मुद्दे खाली खाली लिही. पण जिथे एक अक्षर बदललं की अर्थच बदलतो तिथे मात्र हात आखडतो. मायटोसिस आणि मायोसिस, ग्लुकागॉन आणि ग्लायकोजेन, युरेटर आणि युरेथ्रा, थायमस आणि थायमीन. अशा जोड्यांचा एक वेगळा कागद भिंतीला लाव. (मराठीतही असे घोळ आहेतच की. आपण काळजाचा ठोका चुकला म्हणतो तेव्हा हृदय म्हणायचं असतं, आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर लिव्हर देतात.)

आणि क्लासमध्ये मराठीत उत्तर दे बिनधास्त. सरांनाही मराठी येतं.

प्रश्न : मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी दोन वर्षं चालू आहे, बायोचे एमसीक्यू झोपेतही येतात. बोर्डाचं वेगळं करायची गरज आहे का? वेळ वाया जातो असं वाटतं. – कळवा

थोडी आहे. नीटला सध्या बायोचे ९० प्रश्न, ३६० मार्क, आणि सगळीकडे समोर चार पर्याय असतात, तू फक्त ओळखतोस. बोर्डात तसे प्रश्न १० मार्कांचे, उरलेले ६० स्वतः लिहायचे. वरच्या मुलुंडच्या ताईंचं उत्तर वाच, तुझा आजार तोच आहे, फक्त हायलायटरच्या ऐवजी टेस्ट सिरीज. दिवसाला एक तीन मार्कांचा प्रश्न घड्याळ लावून सात मिनिटांत लिही, बस, त्याच्यावर वेळ घालवू नकोस. वेळेचं गणित साधारण असं बसतं, ए अर्धा तास, बी ३५ मिनिटं, सी तास, डी ३५-४०, उरलेल्यात आकृत्यांची लेबलं तपासायची. आणि एमसीक्यूला पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं, खाडाखोड करून दोनदा लिहिलंस तर पहिलंच धरतात, नीटवाली पोरं इथेच घाई करतात.

प्रश्न : जेनेटिक्सचे क्रॉस मला येतात पण प्रश्न थोडा फिरवला की चुकतात. हिमोफिलियाच्या प्रश्नात मी २५% लिहिलं, मैत्रिणीने ५०% लिहिलं, मॅडमनी तिचं बरोबर दिलं. आमचा चौकोन सेम होता! – दादर

चौकोन सेमच असणार. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. आई कॅरिअर (जीन आहे पण आजार नाही), बाबा नॉर्मल, चार खाने: एक मुलगी नॉर्मल, एक मुलगी कॅरिअर, एक मुलगा नॉर्मल, एक मुलगा हिमोफिलिक. आता विचारलं काय होतं? "अपत्यांपैकी किती" विचारलं तर चारात एक, २५%. "मुलग्यांपैकी किती" विचारलं तर दोनात एक, ५०%. पेपरात "सन्स" शब्द असणार आणि तू तो वाचलाच नसणार, पैज लावते. क्रॉस काढायच्या आधी प्रश्नातल्या त्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लाव.

आणि जेनेटिक्स पाठ करून कंटाळली असशील तर एक आपल्या मुंबईचं कोडं देते. आईचा रक्तगट तपासला तर ओ, बाबांचा ए आणि मुलाचा बी. शक्य आहे का? पुस्तकी नियमाने नाही, लोक लगेच भलते संशय घेतील. पण १९५२ साली इथेच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट नोंदवला की ज्याला आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. ए आणि बी अँटिजेन बनतात ते एच नावाच्या पदार्थावर, आणि ज्याच्याकडे एच बनवणारं जीनच दोन्हीकडून रिसेसिव्ह आहे, म्हणजे स्मॉल एच स्मॉल एच, त्याच्याकडे बी चं जीन असलं तरी बी बनणार कशावर? खुंटीच नाही तर शर्ट टांगणार कुठे. तपासणीत तो ओ दिसतो, पण त्याला साधं ओ रक्तही चालत नाही, त्याच्याच गटाचं लागतं. आता आईला स्मॉल एच स्मॉल एच धर, तिच्यात लपलेलं बी मुलाकडे गेलं, बाबांकडून मुलाला चांगलं एच मिळालं, आणि मूल बी! हा क्रॉस कागदावर काढून बघ, एक जीन दुसऱ्याला कसं झाकतं ते कळलं की एपिस्टॅसिस कायमचं डोक्यात बसेल.

प्रश्न : माझी चित्रकला शून्य आहे. हार्टची आकृती बटाट्यासारखी येते. मार्क जातील का?

बटाटा चालतो, लेबल नसलेला बटाटा चालत नाही. बायोची आकृती म्हणजे चित्र नाही, नकाशा आहे. फक्त पेन्सिल, शेडिंग नाही, लेबलच्या रेघा पट्टीने आणि एकमेकींना न कापणाऱ्या, नावं शक्यतो सगळी एका बाजूला. पाठ करताना उलटं कर, आधी लेबलांची यादी लिही मग त्यांच्यासाठी चित्र काढ. एम्ब्रियो सॅक, म्हणजे फुलाच्या बीजांडातला भ्रूणकोश घे, वरती तीन अँटिपोडल, मधे दोन पोलर न्यूक्लिआय, खाली मायक्रोपाइलच्या बाजूला एक एग आणि दोन सिनर्जिड. मोज, न्यूक्लियस ८ आणि सेल ७. आठ टिंबं जागेवर पडली की बाहेरची रेघ कशीही येऊ दे.

हार्टमध्ये मात्र एक चूक इतक्या मुलांची बघितली की सांगूनच टाकते. हार्टची डावी बाजू कागदावर उजवीकडे येते, कारण तो माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा आहे. आकृती काढायच्या आधी कागदाच्या दोन बाजूंना बारीक अक्षरात आर आणि एल लिहून ठेव, झाल्यावर खोड.

प्रश्न : परीक्षेपर्यंत स्मरणशक्तीचं एखादं सिरप सुरू करू का मुलासाठी? आणि तो रात्री दोनपर्यंत जागतो ते बरं आहे ना?

सिरपचं डॉक्टरांना विचारा, मला त्यातलं कळत नाही. जागरण मात्र अजिबात बरं नाही. दिवसभर वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत, मुरंबा मुरतो तसं, बरणी सारखी उघडून ढवळत बसलं की बुरशी येते. अकराला दिवा बंद.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी कांजूरला रिक्षा चालवतो, शिक्षण सातवी. पोरगा बारावी सायन्सला आहे, आमच्या घरात पहिलाच. क्लास लावायची ऐपत नाही. त्याच्या पुस्तकातलं मला एक अक्षर कळत नाही, मी त्याला काय मदत करू शकतो का?

दादा, या सगळ्या पत्रांमध्ये तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही करू शकता ते क्लासवालेही करत नाहीत.

रात्री जेवण झालं की पोराला समोर बसवा, पुस्तक तुमच्या मांडीवर, तेही मिटलेलं. त्याला म्हणा, आज जे शिकलास ते मला सांग, मराठीत, मला कळेल असं. तो सांगेल. जिथे तुम्हाला कळलं नाही तिथे थांबवा आणि विचारा, "म्हणजे काय? मग पुढे? असं का?" लाजू नका. तुम्हाला कळलं नाही म्हणजे दहातल्या नऊ वेळा त्याला स्वतःलाच ते नीट कळलेलं नसतं, त्याने नुसते शब्द उचललेले असतात, आणि सांगता सांगता ते त्याचं त्यालाच कळतं. तो चिडेल, "पप्पा तुम्हाला नाही कळणार" म्हणेल, तर म्हणायचं की पॅसेंजरला रस्ता समजावून सांगता आला नाही तर रस्ता आपल्यालाच माहीत नसतो. वीस मिनिटं पुरे, रोज मात्र.

पहिल्या रात्रीचा प्रश्न मी देते. त्याला विचारा, हार्टचे खालचे दोन कप्पे आहेत, मग डाव्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा जाड का? उत्तर मी इथे लिहीत नाही, ते त्याच्याकडूनच ऐका आणि तुम्हाला पटलं का ते मला कळवा.